आठ घरांवरची एक रेघ

समुद्राकाठी ही आठ घरं एकाला एक चिकटून उभी आहेत. मधली भिंत दोघांत एक. मी त्यांना इंग्रजांची चाळच म्हणतो. विलायतेत राणीच्या काळात श्रीमंत लोक हवा खायला समुद्रावर जायचे, तिथं अशी घरं असायची म्हणतात. मालकानं त्यांचीच नक्कल करून घेतली. उंच, अरुंद, आणि पोट पुढे काढलेल्या खिडक्या, म्हणजे तिन्ही बाजूंनी ऊन आत यावं. बहरीनमध्ये ऊन कुणाला हवंय? भाडेकरूंनी आतून चंदेरी कागद चिकटवलाय. वर धुराडी आहेत, खाली चूल नाही.

छपराखालची कंगोऱ्याची पट्टी मात्र खरी. पहिल्या घरापासून आठव्यापर्यंत कुठं तुटत नाही. ती मी ओढलीय. शाळा चौथीपर्यंत, पण पत्र्याचा फर्मा कापून ओल्या सिमेंटवरून सरळ ओढणारा, ही घरं बांधली तेव्हा, आमच्या बांधकाम कंपनीत मी एकटा होतो.

यंदा खाऱ्या हवेनं पाचव्या घरावरचा तुकडा सुटला. इंजिनिअर साहेब नागपूरकडचे, मला काका म्हणतात. त्यांनी थर्मोकोलची तयार पट्टी मागवून ठेवली होती, चिकटवली की खलास. मी म्हटलं, माझ्या कामात थर्मोकोल लागणार नाही. बाकीचे गवंडी हसले, म्हातारा परांचीवर चढतोय म्हणे. मी हटलो नाही. शेवटी साहेबांनी तीन दिवस दिले.

दोन दिवस खालचे थर भरले. तिसऱ्या दिवशी, ऊन चढायच्या आत, शेवटचा हात. तो एका दमात ओढावा लागतो. मध्ये थांबलं की तिथं उंचवटा राहतो. निम्म्यावर आलो आणि उजवा खांदा राहिला. दुखलासुद्धा नाही, नुसता राहिला. थोडा वेळ तसाच फर्मा धरून उभा होतो. मग डाव्या हातानं रेटून पुरा केला.

साहेब खालून बघत होते. म्हणाले, "काका, एक नंबर. उतरा आता."

मी दोरी ताणून धरली. मधोमध काडीएवढा उंचवटा.

"साहेब, वाकडं आलंय."

"अहो, खालून कुणाला दिसतंय?"

"मला दिसतंय."

पुन्हा ओढायचा तर खांदा नव्हता, आणि दुसऱ्या कुणाला ते येत नव्हतं. सिमेंट ओलं होतं तोवर थापीनं सगळं खरवडून काढलं. वाकडं ठेवून वर माझं नाव कशाला?

दुपारी दोघं जण चढले आणि थर्मोकोल चिकटवून आले. सरळ बसलं, खोटं कशाला बोलू. मी खाली बादल्या धूत होतो. साहेब जवळ आले, काका, सहाव्या घरावरही भेग दिसतेय, म्हणाले. काय करायचं विचारत होते.

मी म्हटलं, "हीच पट्टी मागवा."

ते फोन काढून निघून गेले.