बद वाजनारी पाटी

मडकं घेनारं मानूस पयले त्याले बोटानं वाजवून पायते. टनकन वाजलं त घेते, बद वाजलं त बाजूले सारते. आमच्या कुंभाराच्या घरात त आव्यातून निंघालेलं एकएक मडकं वाजवूनच बाहेर जाय. डोयाले न दिसनारा तडा कानाले समजते. मी शाया शिकली नाही, पन हे एक मले येते.

आमचं गाव अकोल्याच्या अंगाले, मूर्तिजापूरच्या रस्त्यावर. त्या वर्षाईत कपाशीनं लोकाईले पार बसवलं होतं. वावरवालेच चूप झाले त मडकं कोन घेते? लगनाचे रांजन कोनी मांगे नाही. उनायाचे माठही आव्याजवय पडून राहे. माह्या पोरानं चाक सोडलं अन् अमरावतीले पोलिसात भरती झाला. त्याचा बाप तवा राह्यला नव्हता. मले वाटलं, सरकारी नोकरी हाय, पोरगं सावलीत बसलं.

मंग हिवायात त्याले जंगलाकडे जाचा हुकूम आला, तिकडे पूर्वेले, जिथं गोया चालते. जाच्या आंधी दोन दिवस घरी आला, सारं सामान घेऊनच. त्यात एक जाकीट होतं, लय जड. गोयी आडवनारं.

"माय, याची खोय धुऊन दे," थो म्हने. "मांगच्याच्या घामाचा वास येते."

मांगचा एकटा नव्हता. आतून पेनानं नावं लिवले होते, एकाच्या खाली एक, सारे खोडलेले. मले वाचता येत नाही, पन खोडलेलं दिसते.

खोयीतून त्यानं दोन जाड पाट्या काढल्या, एक छातीची, एक पाठीची. थो पलेट म्हने, मले पाटी ऐकू ये, म्हनून मी पाटीच म्हनो. काया कपड्यात शिवलेल्या, छपरावरच्या कवेलूवानी जराशा वाकलेल्या.

"कायच्या हाय रे ह्या? लोखंडाच्या?"

"नाही. चिनीमातीच्या. भट्टीत भाजलेल्या. मांगून धाग्याचा जाड थर चिपकवला असते."

"मातीच्या?"

"हो न. आमच्यातले पोट्टे हासते मले. म्हनते, कुंभाराच्या पोराले मातीचंच जाकीट भेटलं."

थो हासला. मी नाही हासली. माती काय करते थे मले माईत हाय.

"कितीक जुन्या हाय?"

"तारखेचा कागद होता चिपकवलेला, घासून गेला. तू नोको डोकं लावू, माय. मजबूत हाय."

थो गावात गेला. मी खोय धुतली, वायत घातली. पाट्या ओट्याच्या काठावर होत्या. त्याईले ऊन लागून राह्यलं म्हनून वल्या हातानंच छातीची पाटी उचलली, अन् थे सटकली. कपडे धुवाच्या धोंड्यावर कोपऱ्यानं पडली. आवाज थोडासाच झाला. पाह्यलं त काहीच नाही. कपड्याले जराशी माती लागली होती, पुसली त निंघून गेली.

मंग मी वाजवली. कपड्यात गुंडायलेलं मडकं टनकन वाजत नाही, एवढं मले समजते. तरी पाठीची पाटी अंदरून कुठून तरी वाजे. छातीची बद. जसं वल्या भितीवर बोट मारावं.

आता थे माह्या हातून पडून तशी झाली का आंधीचीच तशी होती, हे मले आजलोक माईत नाही. सारा जलम आंधी वाजवलं, मंग उचललं. पोराच्या छातीची पाटी मात्र आंधी उचलली, मंग वाजवली.

संध्याकायी त्याले सांगतलं नाही. थो भाकर खात बसला होता, मी त्याच्या छातीकडे पायत होती. थो म्हने, "अशी काहून पाहून राहिली?" मी म्हनलं, वायला तू.

सकायी खोयीत पाट्या भरतांना सांगतलं.

"माय, थे मडकं नाही."

"वाजव तू."

त्यानं दोनी वाजवल्या, कान जवय नेऊन. थो दहा वर्साचा असल्यापासून माह्यासंगं आव्यावर वाजवे. छातीच्या पाटीवर त्याचा हात थांबला.

"हे मांग घालतो," थो म्हने. "पाठीची समोर."

"अन् मांगून आली त?"

"मी कोनाले पाठ दाखवत नाही."

"गोयी इचारून येते का, बाबू? बदलून माग. तुह्या मायनं पाडली म्हनून सांग."

"सांगतो."

आठ दिवसानं किराना दुकानात त्याचा फोन आला. मले बलावलं.

"इथं जाकिटं वाटनारा सामानवाला म्हने, बोटानं नाही समजत. फोटो काढा लागते, दवाखान्यात हाडाचा काढते तसा. थे मशीन इथं नाही."

"मंग?"

"मंग त्याच्या खोलीत पाट्याईचा ढीग हाय, त्यातल्या मी साऱ्या वाजवल्या, माय. बदच लय हाय. एक चांगली वाजली, थे घेतली."

माह्या जीवात जीव आला. फोन ठेवनारच होती, त तोंडातून निंघालं, "अन् आपली?"

"ढिगातच हाय. मी खडूनं फुली मारली होती. त्यानं पुसली. माल पुरा दिसा लागते म्हने."

"पडली होती म्हनून सांगतलं का त्याले?"

"सांगतलं. म्हने, साऱ्याच कवा ना कवा पडल्या असन."

दुकानदार गिऱ्हाइकाले साखर मोजून राह्यला होता. मी फोन धरून उभीच होती. थे पाटी कोनीतरी घालनार होतं. त्याचीही माय कुठंतरी होती, अन् तिनं पाटी वाजवून पाह्यली नव्हती. त्या रोजपासून मले माह्या पोराचा घोर कमी लागे अन् त्या दुसऱ्याचा जास्त. त्याचं तोंड मले दिसे नाही. छाती दिसे.

अखजीच्या, म्हंजे अक्षयतृतीयेच्या, चार दिवस आंधी पोरगा सुट्टीवर आला. अखजीले पितराईसाठी नवं मडकं लागते, म्हनून माह्या दिरानं चाकावर मडके घडवले होते, घरात काम होतं. थो जेवला नाही. म्हने, आमच्यातला एक गेला. अकोटकडचा.

"कुठं लागली?"

"समोरून. पाटी फुटली."

मंग इचारलं, "आपली होती?"

"माईत नाही. साऱ्या सारख्याच दिसते."

"त्यानं वाजवून नव्हती घेतली?"

"त्याले कुठं येते वाजवता, माय? थो वावरवाल्याचा पोरगा." मंग खाली पाहून म्हने, "अन् मी शिकवलंही नाही. आपली घेतली अन् बाजूले झालो."

मीच त्याले म्हनलं होतं, बदलून माग.

दुसऱ्या दिवशी आवा उघडला. मी एकएक मडकं काढून वाजवून राहिली होती. पोरगा ओट्यावर बसला होता, जिथं थे पाटी होती तिथंच.

"माय," थो म्हने, "थे वाजवू नोको."

मी हात थांबवला. त्या आव्यातले मडके तसेच गाडीत भरले, न वाजवता, अन् तसेच अकोल्याच्या बजारात गेले.