खणाचं झाकण आणि आमचे भावजी

आमच्या धाकट्या भावजींना घरात सगळे भिंगरी म्हणतात. बसले की उठतात, उठले की येरझाऱ्या घालतात आणि घालताना सारखा डोक्यातून हात फिरवतात. नोकऱ्याही तशाच, टेकले न टेकले की निघाले.

मग त्यांना जुन्या मोटारींच्या आतल्या कामाचा नाद लागला. विटलेले प्लॅस्टिकचे भाग सोडवायचे, घासायचे, पुन्हा मूळ रंगात आणायचे. पहिलीच गाडी एका निवृत्त डॉक्टरीणबाईंची, त्यांचे यजमान गेल्यापासून उभी असलेली. काम पसंत पडलं तर बाई आपल्या ओळखीत शब्द टाकणार होत्या. नाही पडलं तर भावजींची रवानगी मामांच्या दुकानात, गल्ल्यावर. दिवसभर एका जागी बसायचं! त्यांनी त्याचाच धसका घेतला होता.

दारांच्या पट्ट्या त्यांनी तारेला टांगून रंगवल्या, त्या झकास झाल्या. अडलं ते डॅशबोर्डमधल्या खणाच्या झाकणाशी. साबणाने धुतलं, बारीक पॉलिशपेपर फिरवला, स्पिरिटने पुसलं, प्लॅस्टिकवरचा प्रायमर दिला. पण वर रंग मारला की जागोजागी फाटून खळगे पडायचे. सगळं काढून पुन्हा केलं, पुन्हा तेच. आणि बाई संध्याकाळी येणार होत्या.

"वहिनी, तुम्ही फोडणी दिलीत का?" भावजी स्वयंपाकघरात येऊन थडकले.

"नाही. आज सगळ्यांना बिनफोडणीचं घालणार आहे. का?"

"तेल हवेत उडतं. तेलावर रंग धरत नाही."

"आणि ते पट्ट्या सोडून नेमकं झाकणावर जाऊन बसतं?"

भावजी मागच्या, रंगकामाच्या खोलीत फेऱ्या मारायला गेले. "अरे भिंगरे, फरशी झिजेल!" सासूबाई बाहेरून ओरडल्या.

मी गॅस बंद करून झाकण बघायला गेले. खळगे कसेही पडलेले नव्हते. वरच्या कडेला चार ओळीने, खालच्या अंगाला एक. मी न टेकता वर माझी बोटं धरून पाहिली, बरोबर बसली. मान वर केली तर भावजींचा हात डोक्यात. रोज सकाळी तेल चोपडलेल्या, चापूनचोपून बसवलेल्या केसांत.

"भावजी, प्रायमर वाळेपर्यंत झाकणाला हात लावलात?"

"उजेडात धरून बघितलं फक्त. दर्शनी भाग आहे, काळजी वाटते."

"बोटं दाखवा."

बोटं चकाकत होती. भावजी बघतच राहिले. सवयीने हात पुन्हा डोक्याकडे निघाला आणि वाटेतच थांबला.

भावजींनी डोकं धुऊन त्यावर माझी जुनी ओढणी करकचून बांधली, हातमोजे चढवले आणि झाकण पहिल्यापासून केलं. या वेळी तेही तारेला टांगलं. खोलीला कुलूप लावून किल्ली मी कमरेला खोचली आणि भावजींपुढे मटारच्या शेंगा ओतल्या.

"वहिनी, एकदाच बघतो."

"शेंगा संपल्या?"

"फटीतून तरी?"

"शेंगा!"

ते दाणे इतक्या घाईने काढत होते की निम्मे कपाटाखाली गेले.

बाई आल्या तेव्हा झाकण गाडीत बसलं होतं. त्यांनी ते उघडलं, मिटलं, तळव्याने हळूच चाचपलं. भावजी या पायावरून त्या पायावर, डोक्याला ओढणी तशीच.

"गाडी नवी होती तेव्हा असंच होतं," बाई म्हणाल्या. "माझ्या मैत्रिणीची गाडीही अशीच पडून आहे, तिला पाठवते." मग त्यांनी वळून भावजींकडे नीट पाहिलं. "पण आधी इकडे या बघू. डोक्याला काय लागलंय?"