बोट ओढणारा ट्रॅक्टर

पाचूबंदरच्या फ्लोराबायने चांदीपच्या एका शेतकऱ्याकडून जुना ट्रॅक्टर घेतला, तेव्हा किनाऱ्यावर बरीच करमणूक झाली. शेजारच्या बोटीचा मालक लेस्टर म्हणाला, "आता समुद्रात भात लावनार काय, बाय?" नवरा गेल्यापासून बोट तीच सांभाळते. खलाशी मासेमारीला जातात. जाळी, डिझेल, इंजिन ती बघते. इंजिन स्वतः उघडते.

पावसाळ्याआधी बोट वर ओढून ठेवावी लागते. पूर्वी एका हाकेला तीस माणसं जमत. आता ती नोकरीवर जातात, रविवारीच मोकळी असतात, आणि उधाण रविवार बघून येत नाही. गल्लीतून क्रेन येत नाही. ट्रॅक्टर येतो, पण वाळूत रुततो. म्हणून तिने तो वरच्या कडक जमिनीवर उभा केला, बोटीचा जुना नांगर जमिनीत पुरून त्याला साखळीने जखडला. मागचं एक चाक जॅकवर उचललं, दुसऱ्याला दगड लावले. उचललेल्या चाकाचा टायर काढला. उघड्या रिमवर दोर गुंडाळायचा, असा बेत. दोर सुटू नये म्हणून रिमला दोन्ही बाजूंनी कडी मी वेल्ड केली. मी फिटर. चौतीस वर्षं कारखान्यात काढली, आता फुलपाड्यात राहतो. वेल्डिंग तेवढं माझं. बाकी सगळं तिचं.

ट्रॅक्टरचं इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं सील कुठेच मिळेना. तिने बोटीचा उपाय केला. बोटीत पाण्यातला पंखा फिरवणारा दांडा, म्हणजे शाफ्ट, जिथून बाहेर जातो, तिथे ग्रीसमध्ये मळलेली सुती दोरी कोंबून वरून नट आवळतात. त्याला ग्लँड म्हणतात. तसाच लहान ग्लँड तिने पंपाला करून घेतला.

उधाणाच्या दिवशी दुपारच्या भरतीवर बोट जमेल तेवढी वर घेतली. पाणी उतरल्यावर ओढायला सुरुवात करणार, तेवढ्यात मला पंपातून पाणी ठिबकताना दिसलं. कारखान्यात गळती म्हणजे दोष. मी पाना घेऊन नट घट्ट केला. तिला विचारलं नाही.

बोट फळ्यांवरून निम्मी वर आली आणि पंपातून धूर निघाला. फ्लोराबायने इंजिन बंद केलं, खाली वाकून पाहिलं.

"थेंब कोनी बंद केला?"

मी म्हणालो, मी.

"त्या थेंबानंच शाफ्ट थंड राहतो, भाऊ."

पंपातली दोरी जळून गेली होती. घरात दुसरी नव्हती. रात्रीच्या भरतीला निम्मी वर आलेली बोट तरंगून दगडी बांधावर आपटली असती. लेस्टर म्हणाला, बोट परत खाली सोडू, रविवारी माणसं लावू. ती पाना घेऊन बोटीखाली शिरली आणि बोटीच्याच ग्लँडमधली दोरी बाहेर काढली. आता बोट पाण्यात सोडली असती, तर शाफ्टच्या भोकातून पाणी भरून बुडाली असती. लेस्टरला ते कळलं. तो फळ्या उचलायला लागला.

बोटीची दोरी जाड होती. तिने पीळ उलगडून एक पदर काढून टाकला, उरलेले ग्रीसमध्ये मळले, तिरपे तुकडे कापले, एकाचा सांधा दुसऱ्यावर येणार नाही असे बसवले. मी शाफ्टचे ओरखडे पॉलिश पेपरने घासून काढले. तासभर लागला. घाई कोणी केली नाही. नट तिने हातानेच फिरवला, पान्याने जेमतेम पाव फेरा. थेंब पडू लागला.

मला तिने पंपापाशी बसवलं. "नजर ठेवा. पाना माझ्याकडं राहू दे."

दोर ताणला. बोट वीतभर सरकायची, लेस्टर मागची फळी पुढे आणायचा, पुन्हा वीतभर. पावणेसहाला बोट भरतीचं पाणी जिथवर चढतं त्या रेषेवर आली. लेस्टरने हात वर केला, पुरे म्हणून.

"अजून दोन फळ्या," फ्लोराबाय म्हणाली.

त्याने दोन फळ्या लावल्या. बोट त्यांवरून पुढे गेली. मग तिने इंजिन बंद केलं.