तीन तोंडांची चौकशी

आमच्या शेजारच्या मास्तरांइतका अंगाचा तिळपापड करणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल, आणि झालाच असेल तर तो माझ्या भिंतीला भिंत लावून राहिला नाही, एवढंच माझं नशीब. अकोल्याच्या मे महिन्याशी माझं भांडण नाही. त्याच्यामागून निदान जून येतो. मास्तर बारा महिने होते. विदर्भ नुकताच महाराष्ट्रात आला होता, त्या दिवसांत ते सरकारी मिडल स्कूलवर सातवीला इतिहास-भूगोल शिकवायला आले आणि आमच्या शेजारचं घर भाड्याने घेऊन बसले. माझं भांड्यांचं दुकान. वडील वारलेले, घरात आई, लग्नाला आलेली बहीण सुमन आणि शेंडेफळ बेबी. ही बेबी सातवीत, म्हणजे नेमकी मास्तरांच्या तावडीत. दिवसा मास्तर तिचं डोकं फिरवायचे आणि संध्याकाळी ती घरी येऊन आमचं फिरवायची.

इतिहास-भूगोल आपला नावाला. "सनावळ्या पुस्तकात आहेत, त्या काही पळून जात नाहीत," असं म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी पुस्तक मिटलं आणि पोरांना शोध कसा घ्यायचा ते शिकवायला लागले. फळ्यावर दोन उभ्या रेघा मारून तीन रकाने: पाहिलं, ऐकलं, वाटलं. पोरानं तोंडातून काढलेलं प्रत्येक वाक्य यांतल्या एका रकान्यात बसलंच पाहिजे. एकदा एक पोरगा धापा टाकत आला आणि हेडमास्तर बोलावतात म्हणाला. झालं, मास्तरांनी त्याला धरला. हेडमास्तरांना बोलावताना तू पाहिलंस की ऐकलंस? ऐकलं. कुणाकडून? चपराशाकडून. मग चपराशानं पाहिलं की त्यालाही कुणी सांगितलं? असा दोघांचा शोध रंगात आला असताना खुद्द हेडमास्तर दारात येऊन उभे राहिले, रागानं लालबुंद. मास्तर वर्गाकडे वळून समाधानानं म्हणाले, "आता हे पाहिलं." असल्या माणसाला पगार कोण देतं, असा प्रश्न मला पडायचा, आणि तो सरकारला कसा पडत नाही असा दुसरा.

घरात तर बेबीनं उच्छाद मांडला. दिवेलागणीला शेजारणीला मीठ देऊ नये, असं आई म्हणाली की ही विचारणार, दिल्यावर काय होतं ते कोणी पाहिलं. मी हात उगारला की भिंतीपलीकडून मास्तरांचा आवाज यायचा, "मारू नका हो भाऊ, उत्तर द्या." माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तर भर दुकानात, लग्नाची भांडी घ्यायला आलेल्या मोठ्या गिऱ्हाइकाला मी घंगाळ वाजवून दाखवत अस्सल मुरादाबादी माल आहे म्हणालो, तेव्हा डबा घेऊन आलेली ही कार्टी म्हणते, "दादा, हे तू पाहिलं का ऐकलं?" गिऱ्हाईक हसलं, आणि हसत हसत पुढच्या दुकानात गेलं. मी त्याच पावली मास्तरांच्या दारात. मास्तरांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मंग, कुठला होता माल?" आता काय बोलणार, कपाळ?

बाजारात त्यांची ख्याती वेगळीच. मेथीच्या जुडीपाशी उकिडवे बसून, ही आज सकाळचीच कशावरून, असं ते माळणीला विचारायचे. कुठल्या मळ्यातली, तोडली कुणी, तुझ्यासमोर का. एकदा ती माळीण पिसाळली. "मास्तर, घ्याची त घ्या नाई त उठा. मेथीची साक्ष द्याले मी का कोर्टात आली?" तेव्हापासून मास्तरीणबाई स्वतः भाजी आणायला लागल्या, आणि मास्तरांना बाजारात नेऊ नका असं गल्लीला बजावून ठेवलं.

पातूरची लेणी दाखवायला सातवीचा वर्ग नेला, त्याची तर आठवण काढली तरी माझं डोकं तापतं. ती लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली असं तिकडचं कुणीतरी म्हणालं. झालं, पोरं गावभर सोडली, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारून या म्हणून. एक आजोबा म्हणाले, माझ्या आज्यानं सांगितलं. मास्तर खूश, त्यांच्या आज्याला कुणी सांगितलं ते विचारायला स्वतः बसले, आणि तोवर शेवटची बस निघून गेली. इकडे सगळे आईबाप माझ्या दुकानासमोर जमले, कारण शेजारी मी, म्हणजे जणू मीच पोरं पळवली. मास्तर पोरांसकट कापसाच्या ट्रकवर बसून आले आणि उतरताना मला म्हणाले की रात्र तेवढी नक्की होत नाही, बाकी पांडव चांगली माणसं होती असं सगळ्यांचंच मत पडलं.

त्यांचा एक नियम होता, तो त्यांनी पोरांकडून पाढ्यासारखा घोकून घेतलेला. एकानं सांगितलं तर कानावर पडलं म्हणा, दोघांनी सांगितलं तर लक्षात ठेवा, तिघांनी सांगितलं तर लिहा. दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकानं एक चौकशी करून आणायची आणि शाळा उघडली की वर्गात उभं राहून वाचायची. कुणी गल्लीतल्या पिंपळाची केली, कुणी सरकीच्या पेंडीची. आमच्या बेबीनं केली सुमनच्या नवरदेवाची.

सुमनची सोयरीक तेव्हा अमरावतीत जमत होती. मुलगा तहसील कचेरीत कारकून, घर राजापेठेत, माणसं खाऊनपिऊन सुखी. मार्गशीर्षात साक्षगंध, म्हणजे तुमचा साखरपुडा, ठरलं होतं. चौकशी मी रीतसर केली होती. आमच्याकडे रीत अशी की मध्यस्थानं ज्याचं नाव सांगितलं त्याच्याकडे जाऊन चहा प्यायचा, तो माणसं सोन्यासारखी आहेत म्हणतो, आपण मान हलवायची आणि पान खाऊन परत यायचं. वाडवडलांपासून याच रीतीनं लग्नं होत आली आणि टिकत आली. पण दिवाळीत आई राजापेठेत आपल्या बहिणीकडे गेली, बेबी बरोबर होती, आणि त्या बयेनं शेजारणीला, पिठाच्या गिरणीवाल्याच्या बायकोला आणि शिंपिणीला गाठलं. तिघींनीही एकच सांगितलं. मुलगा चांगला आहे, पण त्याला फेफरं येतं.

ही कार्टी घरी एक अक्षर बोलली नाही. चौकशी वर्गात वाचायची असते, घरात नाही, असं शिकवलेलं ना. शाळा उघडली आणि तिनं सातवीच्या भरल्या वर्गात खड्या आवाजात वाचून दाखवलं. मास्तरांनी, नवरदेव कोण, कुणाचा, काही न विचारता, तीन माणसं विचारली म्हणून शाबासकी दिली. संध्याकाळपर्यंत अकोल्यात ज्यांना माझी बहीण आहे हे ठाऊक नव्हतं त्यांनाही तिच्या नवरदेवाला फेफरं आहे हे ठाऊक झालं. आई रडायला लागली. सुमन आतल्या खोलीत गेली ती बाहेर आली नाही. चौथ्या दिवशी मध्यस्थ निरोप घेऊन आला की ज्यांच्या घरची पोरं आमच्या पोराची चौकशी शाळेत वाचून दाखवतात त्यांची सोयरीक आम्हाला नको. लग्न मोडलेली मुलगी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. लोक मोडण्याचं कारण विचारत नाहीत, मोडलं एवढंच लक्षात ठेवतात.

मी मास्तरांच्या दारात गेलो तो हातात घंगाळ होतं हे मला नंतर कळलं. गल्ली गोळा झाली. जे तोंडाला येईल ते मी बोललो. मास्तर मान खाली घालून ऐकत होते. मी दमलो तेव्हा त्यांनी बेबीला जवळ बोलावून हळूच विचारलं, तिघींपैकी फेफरं येताना कोणी पाहिलं होतं? बेबी म्हणाली, पाहिलं नाही कुणीच, तिघींनी ऐकलं होतं. कोणाकडून, ते विचारलं? नाही. मास्तरांचा चेहरा पांढरा पडला. "तिनं नाही विचारलं," ते मला म्हणाले, "कारण घोकून घेतलेल्या नियमात मी ते घातलंच नाही."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मास्तर एस.टी.नं अमरावतीला. मग दर रविवारी. शेजारणीला कुणी सांगितलं, गिरणीवालीला कुणी सांगितलं, असं उलट्या पावली माग काढत शेवटी ते एका बाईपाशी पोचले. ती नवरदेवाची सख्खी चुलती. तिला त्या घरात आपल्या भावाची मुलगी द्यायची होती. तिनंच तिघींना वेगवेगळ्या दिवशी, कोणाला सांगू नका म्हणून सांगितलं होतं. मास्तर परत आले आणि भिंतीपलीकडून मला म्हणाले, "भाऊ, बादल्या तीन, पण विहीर एकच निघाली." मी भिंतीवर मूठ आपटली आणि म्हणालो की तुमच्या बादल्या आणि विहिरीत माझी बहीण बुडली.

त्यांनी काय केलं असेल? वर्गात उभे राहून, चूक पोरीची नाही, मास्तरची आहे, असं सांगितलं, आणि प्रत्येक पोराला घरी जाऊन ते सांगायला लावलं. जेवढ्या घरांत खोटं गेलं तेवढ्या घरांत खरं गेलं पाहिजे, हा हट्ट. ज्यांच्याकडे पोरं विसरली त्यांच्या दारात हा माणूस स्वतः गेला. एक-दोघांनी हाकललं, एकानं चहा दिला. मग एके रविवारी माझ्यापुढे टोपी हातात घेऊन उभे, राजापेठेत चला म्हणून. मी नाही म्हणणार होतो. पण सुमन दाराआडून म्हणाली, "दादा, जा ना." एवढंच. त्या सबंध प्रकरणात तिच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द.

मुलाच्या वडिलांनी आम्हाला ओसरीवरच थांबवलं, पाणीही विचारलं नाही. मास्तरांनी सगळं सांगितलं, काकीचं नाव मात्र घेतलं नाही. वडील उसळले, आमच्या पोराची अब्रू चव्हाट्यावर मांडून आता कशाला आलात म्हणाले, आणि खरं सांगतो, मला त्यांचं एक एक अक्षर पटत होतं. तेवढ्यात आतून मुलगा आला. सडपातळ, शांत. आधी माझ्याकडे पाहिलं, मग मास्तरांकडे.

"मध्यस्थाले विचारलं, गिरणीवालीले विचारलं, शिंपिणीले विचारलं," तो म्हणाला. "साऱ्या राजापेठेले विचारलं तुमी. मी त घरीच होतो. मले कोनीच नाही विचारलं."

माझी वाडवडलांची रीत तिथल्या तिथं उघडी पडली. मास्तर एक पाऊल पुढे गेले आणि म्हणाले, "मंग आता विचारतो. तुमाले फेफरं येते काय?"

"नाही. एकदा उन्हाळ्यात खळ्यावर भोवळ येऊन पडलो होतो. काकी तिथं होती. तेवढं खरं आहे." मग तो थांबला आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आता माह्याकडून एक. तुमच्या बहिनीले हे लग्न पाहिजे काय?"

बहीण माझी, घर माझं, आणि उत्तर दिलं मास्तरांनी, "तिनंच धाडलं आमाले."

मुलानं वडिलांना आत नेलं. बराच वेळ आतून आवाज येत होते. बाहेर आले तेव्हा वडिलांनी होकार दिला, पण एका अटीवर. हा मास्तर मांडवात दिसता कामा नये. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की विचारू नका. अहो, इतके दिवस मी ज्याला शिव्या घातल्या तो माझा माणूस. त्याला शिव्या घालायचा अधिकार या गृहस्थाला कोणी दिला? मी तोंड उघडणार तोच मास्तरांनी माझा हात दाबला आणि कबूल म्हणून मोकळे झाले.

वैशाखात लग्न झालं, आमच्या दारात मांडव. सगळी गल्ली पंगतीला, सातवीचा सगळा वर्ग वाढायला, मास्तरीणबाई करवल्यांत, आणि मास्तर भिंतीपलीकडे. अक्षता पडल्या तेव्हा मी व्याह्यांकडे असं पाहिलं की त्यांनी दुसरीकडे मान वळवली. पहिलं पान वाढून मी स्वतः पलीकडे घेऊन गेलो आणि रागारागात त्यांच्यासमोर आदळलं. जेवा म्हणालो, तुमच्या या शोधांपायी तुम्हाला स्वतःच्या पोरीसारखी असलेली पोरगी बोहल्यावर पाहता आली नाही. मास्तर जेवायला बसले. वरण-पोळीचा घास मोडत म्हणाले, "व्याह्यांचा राग बरोबर आहे. पोरगं त्यांचं होतं." मी तिथंच बसून राहिलो, तिकडे मांडवात यजमानाची शोधाशोध चालू असताना.

त्याच वर्षी जूनमध्ये त्यांची बदली झाली, दूर वरूडकडे. जाताना भांडण नको म्हणून मी दुकानातच बसून होतो, पण भांडण करायला तेच दुकानात आले. घंगाळ मुरादाबादी नाही, वाजवून सांगतो म्हणाले. मी त्यांना तेच घंगाळ बांधून दिलं.

सुमन-जावई पहिल्या दिवाळसणाला आले. जावयांनी पायताण काढण्याआधी मास्तर कुठे आहेत विचारलं. बदली झाली म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी एकटेच वरूडला निघाले. चांगला सण आहे, घरात गोडधोड आहे, पाहुणे येणार आहेत, आणि जावई मास्तराकडे? मी चिडलो. जावई चपला घालता घालता शांतपणे म्हणाले, "दादा, माह्याबद्दल खोटं बोलणारे लय होते. चुकलो म्हणून सांगाले एकच माणूस दारात आला."

मी आत जाऊन मास्तरांसाठी गोडाधोडाचा डबा भरून आणला आणि त्यांच्या हातात दिला. शेजारच्या घरात आता एक सज्जन कुटुंब राहतं. कुणाला काही विचारत नाहीत, कुणाच्या अध्यात ना मध्यात. त्यांच्याशी भांडायचं म्हटलं तरी जमत नाही. राग माझ्यात पूर्वीइतकाच आहे, कमी झालेला नाही. संध्याकाळी दुकान बंद करून घरी येतो, भिंतीपाशी खाट टाकतो, आणि तो कोणावर काढावा ते कळत नाही.