वेलांटीसाहेबांचा कॉम्प्युटर

वर्तमानपत्राच्या कचेरीत त्यांना सगळे वेलांटीसाहेब म्हणायचे. ते मुद्रितशोधक होते, म्हणजे पान छपाईला जाण्याआधी त्यातल्या चुका काढायच्या. दीर्घ वेलांटीच्या जागी ऱ्हस्व दिसली की जेवताना दाताखाली खडा आल्यासारखा त्यांचा चेहरा व्हायचा. रस्त्याने जाताना दुकानांच्या पाट्यासुद्धा त्यांच्या तावडीतून सुटत नसत. बायको म्हणायची, "अहो, खाली बघून चाला. पाटी काही पळून जात नाही, पाय मात्र मुरगळेल."

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरीच कॉम्प्युटर जुळवला. एकेक भाग पारखून आणला आणि जेवणाच्या टेबलावर पसारा मांडला. बायको घरी शिवणकाम करायची. टेबलाच्या एका टोकाला तिची कापडं, दुसऱ्या टोकाला यांचे स्क्रू.

"तयार मिळतो की बाजारात," ती म्हणाली.

"तयार कपडेही मिळतात. तरी लोक तुझ्याकडे येतातच ना?"

तिने आपली कापडं ओढून घेऊन त्यांना जरा जागा करून दिली. त्या कॉम्प्युटरवर ते नेहमी चुकणाऱ्या शब्दांचा एक कोश करू लागले. परगावी असलेल्या लेकीला रोज चार ओळी लिहून पाठवायचे. ती घाईघाईत उत्तर द्यायची आणि ते उत्तर चुका सुधारून परत तिच्याकडेच यायचं.

एका सकाळी दाढी करताना ब्रश हातातून गळाला आणि पाठोपाठ ते स्वतः. अर्धांगाचा झटका होता. हॉस्पिटलमधून घरी आले तेव्हा उजवा हात लुळा पडला होता आणि तोंडात एकच शब्द उरला होता: 'तेच'. पाणी हवं असलं तरी तेच, खिडकी लावायची असली तरी तेच. दुसऱ्याचं बोलणं त्यांना कळत होतं. स्वतःचं मात्र ओठांपर्यंत येऊन वाट चुकायचं. लेकीचा फोन आला की ते रिसीव्हर कानाशी घट्ट धरत, "तेच, तेच" म्हणत आणि मग डोळे मिटून घेत.

बोलण्याचा सराव करून घ्यायला एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या, "त्यांना आवडीच्या कामाला बसवा. मन रमलं तर एखादा शब्द सुटेलही."

बायकोने त्याच संध्याकाळी कॉम्प्युटरचं बटण दाबलं. आतले पंखे फिरले, पण पडदा काळाच राहिला. डब्यातून एक लांब शिट्टी आली, थांबली, पुन्हा आली. तिने दोन-तीनदा करून पाहिलं. दरवेळी काळोख आणि शिट्टी.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीवाला आला. उभ्याउभ्याच म्हणाला, "काकू, जुनं झालंय हे. यात जीव राहिला नाही. नवीन घ्या." वेलांटीसाहेब खुर्चीत बसून ऐकत होते. त्यांनी डावा हात डब्यावर ठेवला आणि तो जाईपर्यंत उचलला नाही.

तो गेल्यावर बायको शिवणयंत्राचा स्क्रूड्रायव्हर घेऊन आली. "सांगा आता. मी हात, तुम्ही डोकं."

ती वायरला हात लावणार तोच त्यांनी तिच्या मनगटावर चापट मारली आणि भिंतीकडे बोट केलं. तिने आधी प्लग काढला. मग झाकण उघडलं. आत धुळीची गादी साचली होती. रंगाच्या मऊ ब्रशने तिने ती हलकेच झाडली. मग एकेका भागावर बोट ठेवून विचारत गेली.

"हे?"

"तेच," ते मान हलवत म्हणाले. म्हणजे नाही.

"हे?"

"तेच." पुन्हा नाही.

बोट मेमरीच्या उभ्या पट्ट्यांवर आलं आणि त्यांचा सूर बदलला. "तेच. तेच. तेच." ते खुर्चीतून अर्धे उठले.

पट्ट्या दोन होत्या. दोन्ही टोकांचे चिमटे उघडून तिने त्या सोडवल्या. त्यांनी खुणेने टेबलाच्या खणातून खोडरबर काढायला लावला आणि पट्टीच्या पितळी रंगाच्या कडा डाव्या हाताने घासल्या. पट्टी तिने घट्ट धरली होती. पहिली पट्टी एकटीच बसवून, प्लग लावून बटण दाबलं, तर शिट्टी तशीच. पुन्हा प्लग काढून तिच्या जागी दुसरी बसवली, दोन्हीकडून 'खट्' आवाज येईपर्यंत दाबली. पुन्हा चालू केल्यावर एक छोटीशी शिट्टी झाली आणि पडद्यावर अक्षरं उमटली. तारीख-वेळ चुकल्याची तक्रार होती, कारण आतला बटणाएवढा सेल संपला होता. तो तिने दुसऱ्या दिवशी बदलला.

"चालू झाला हो," ती म्हणाली. तिला वाटलं, आता सगळंच चालू होईल.

कोशाचं पान उघडलं. ते पुढे झुकले. ओळींवरून नजर फिरली, परत फिरली, मग एका शब्दावर अडकली. तो त्यांनीच लिहिलेला शब्द होता. अनोळखी घराच्या दारात उभ्या माणसासारखे ते त्याच्याकडे बघत राहिले. तिने कीबोर्ड जवळ सरकवला. त्यांनी डाव्या हाताने दोन अक्षरं दाबली, ती जुळली नाहीत. तिसरं दाबलंच नाही. हात पुढे करून त्यांनी पडदाच बंद केला. तिने त्यांचं डोकं पोटाशी धरलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण त्यांना रडताना ती पहिल्यांदाच पाहत होती.

त्यानंतर कोश पुन्हा उघडला नाही. पण दुपारी ते झाकणाकडे बोट करायचे. ती उघडून द्यायची. ते पट्टी काढायचे, पुसायचे, बसवायचे. एकदा ती वैतागून बोलून गेली, "रोज काय तेच तेच करता?" आणि जीभ चावली. ते तिच्याकडे पाहून हसले. तीही हसली, पण तिला ते हसू फार वेळ टिकवता आलं नाही.

पुढच्या थंडीत दुसरा झटका आला आणि ते झोपेतच गेले.

लेक आली. वडिलांच्या खुर्चीत बसली. मग तिने विचारलं, "आई, शेवटी तरी बाबांनी माझं नाव घेतलं का गं?"

हो म्हणणं सोपं होतं. पण या घरात चूक कुणी तशीच पुढे जाऊ दिली नव्हती.

"नाही गं," आई म्हणाली. "खूप प्रयत्न करायचे. पण नाही आलं."

लेकीने मान हलवली. मग दोघी मिळून त्यांचे कपडे आवरायला लागल्या.