बाहेरची कडी

लग्न झालेल्या पोरीला माहेरी राहायला निमित्त लागतं. आखाड, दिवाळसण, भावाचं लग्न, कुणाचं दुखणं. निमित्त संपलं की पिशवी भरायची आणि निघायचं. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी आईच्या ऑपरेशनसाठी पूर्णेला आले होते आणि आई भलतीच लवकर बरी झाली. आईबद्दल असं बोलू नये, पण तेव्हा मला तिचा खराखुरा राग आला होता. टाके निघाले, ती चुलीपाशी भाकरी थापायला बसली आणि माझं निमित्त गेलं.

सासर चारठाण्याच्या पुढं, आडबाजूला. सासू-सासरे वारलेले, घरात आम्ही दोघंच. नवरा मारायचा नाही, शिव्याही द्यायचा नाही. फक्त शेतात जाताना मला आत ठेवून बाहेरून कडी लावायचा. मॅट्रिक झालेली बायको कुणाला चिठ्ठ्या लिहील याची त्याला धास्ती. माझा पेन त्यानं लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातच विहिरीत टाकला होता. आत पाण्याचा माठ होता, भाकर होती, खिडकी नव्हती. तो परत येईपर्यंत मी दाराशी बसून राहायची. आईला सांगितलं तर ती म्हणाली, जीव असला की माणूस असं करतो, आणि दादांच्या कानावर घालू नको. दादा म्हणजे माझे वडील, रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. ते घरात कुणाला काही विचारायचेच नाहीत, मग सांगणार तरी कसं?

आमच्या कॉलनीच्या कडेला एक ख्रिस्ती बाई राहायच्या. मूळच्या नगरकडच्या, शाळेतून निवृत्त झालेल्या. आम्ही छप्पन सालापासून बौद्ध. आमचा जयभीम, त्यांचा सलाम, आणि आजूबाजूचे लोक दोघांनाही पाणी वरूनच ओतायचे. म्हणून आमचं जमलं. बाई कादंबऱ्या लिहायच्या. त्यांच्या हाताला कंप होता, त्यामुळं छापायला पाठवायची पक्की प्रत करायला कुणीतरी हवं होतं. माझं अक्षर त्यांना आवडलं. दादांनी लगेच जावयाला कार्ड टाकलं की लेकीनं बाईंचं पुस्तक लिहून द्यायचं काम घेतलंय, संपलं की पाठवतो. मला नवं निमित्त मिळालं. नवऱ्याचं उत्तर दर महिन्याला यायचं, तीनच शब्दांचं. पुस्तक झालं का?

बाईंच्या कपाटात ख्रिस्ती लेखिकांच्या दहा-बारा कादंबऱ्या होत्या, त्यांच्या स्वतःच्या पाच धरून. मी सगळ्यांचा फडशा पाडला. दुष्काळात टाकून दिलेली पोर आणि तिला वाढवणारी बोर्डिंगातली मावशी. शिकून नर्स झालेली विधवा. धर्म बदलला म्हणून घराबाहेर काढलेली सून. आणि दारुडे नवरे तर पुष्कळ. त्या बायका लय सोसायच्या, पण शिकायच्या, नोकरी करायच्या, आपल्या खोलीची किल्ली आपल्या कमरेला लावायच्या. कमरेला किल्ली! मला त्यांचा हेवा वाटायचा. मग शेवटची दहा पानं यायची. नवरा आजारी पडायचा नाहीतर रडायचा, बायको गुडघे टेकायची, प्रार्थना करायची, क्षमा करायची आणि परत जायची. मी पुस्तक आपटायची.

एकदा मी भांडलेच. म्हटलं, बाई, तुमची एक तरी नायिका ताठ उभी राहून कादंबरी संपवते का? बाई हसल्या. मग त्यांनी सांगितलं, नगरला ख्रिस्ती मंडळींची, म्हणजे चर्चची, एक वाचनसमिती होती, पाळकसाहेब आणि दोन वडीलधारे. शेवटी नवराबायको एकत्र आले नाहीत तर हस्तलिखित परत यायचं. बाईंचं एक तसं आलंही होतं. पण त्यांनी सगळं समितीवर ढकललं नाही. क्षमा खोटी नसते पोरी, असं त्या अगदी मनापासून म्हणाल्या. मी म्हटलं, क्षमा करा की, परत कशाला जायचं? त्या चष्मा पुसत बसल्या.

मी रोज चार पानं उतरवायची ती दोनवर आले, मग एकावर. बाईंच्या ते लक्षात आलं असावं. त्यांनी प्रकरणं वाढवली. नायिका आजारी भावाकडं गेली, मग परगावच्या शाळेत बदलीवर गेली, मग आमच्या शेजारच्या चुडाव्याएवढ्या एका बारक्या स्टेशनावर गाडीची वाट बघत तीन प्रकरणं बसून राहिली. आम्ही दोघी तिला घरी पोचू देत नव्हतो. पण कितीही बसवली तरी ती जाणार होती हे मला ठाऊक होतं, आणि तिच्या मागोमाग मी. लिहिता लिहिता मी मधेच उठून दार बघून यायची. दार उघडं असायचं, तरी.

त्याच दिवसांत माझ्या हातून एक आगळीक झाली. नायिकेचा नवरा कसा वागायचा ते पान उतरवत होते. त्यात मी दोन वाक्यं माझी घुसडली. तो कामावर जाताना बाहेरून कडी लावायचा. ती दाराला कान लावून कडीच्या आवाजाची वाट बघायची. बाई प्रत तपासताना ओळीखाली बोट धरायच्या. ते बोट तिथं थांबलं.

"हे माझं नाही," त्या म्हणाल्या.

मी मान खाली घातली. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि पान उलटलं. खोडलं नाही.

उन्हाळा लागला आणि समितीचं पत्र आलं, महिनाअखेर हस्तलिखित पाठवा. बाईंनी शेवटचं प्रकरण दोन दिवसांत संपवलं, मला ते उतरवावंच लागलं. त्याच आठवड्यात नवऱ्याचं कार्ड आलं. सोमवारी न्यायला येतो. मी बाईंचे पाय धरले. म्हटलं, दादा विचारायला येतील, पुस्तक अजून व्हायचंय एवढं सांगा. बाई म्हणाल्या, मी खोटं बोलत नाही. रविवारी त्या त्यांच्या देवळातून, म्हणजे चर्चमधून, येऊन बसल्या आणि दादा आलेच.

संपलं का, दादांनी विचारलं. संपलं, बाई म्हणाल्या. त्या क्षणी मला त्यांचा गळा धरावासा वाटला. कसली क्षमा आणि कसलं काय.

मग बाई म्हणाल्या, बसा भाऊ, लेकीनं केलेलं काम ऐका तरी. त्यांनी आधी ते कडीचं पान काढून वाचलं, आणि नंतर शेवटचं प्रकरण. दादांनी जन्मात कादंबरी वाचली नव्हती. टोपी मांडीवर ठेवून ते ऐकत राहिले. नायिका परत आली, नवरा रडला, दोघांनी गुडघे टेकले, बाईंनी वही मिटली.

दादा म्हणाले, "आन ती कडी?"

"कोणती?"

"बाहेरची. काढली का त्यानं?"

बाई हळूच म्हणाल्या, "क्षमा झाली, भाऊ. कडीचं समिती विचारत नाही."

दादा माझ्याकडं वळले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला काही विचारलं. "ही कडी बाईंनी लिहिली का तू?"

मी म्हटलं, मी. त्यांनी टोपी घातली आणि निघून गेले. जाताना त्यांची एक चप्पल बाईंच्या दारातच राहिली, ती मी घेऊन गेले.

सोमवारी नवरा आला. दादांनी त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि सांगितलं, पुस्तक संपलं न्हाई. कधी संपंल, त्यानं विचारलं. दादा म्हणाले, "लय मोठं पुस्तक हाय." हस्तलिखित आदल्याच दिवशी बांधून तयार झालं होतं, आणि ज्यानं मालधक्क्यावर एका पोत्याचा आकडा कधी चुकवला नाही तो माणूस तोंडावर खोटं बोलत होता. मी आतल्या खोलीत रडत होते. नवरा पुढं दोनदा येऊन गेला, मग यायचा थांबला. मी शिक्षिका झाले.

वर्षभरानं छापील कादंबरी आली. कडीची ती दोन्ही वाक्यं तशीच होती, समितीला खटकली नव्हती. शेवटही तोच होता. मी आनंदानं पुस्तक उघडलं आणि शेवटच्या पानावर मला त्या नायिकेचं फार वाईट वाटलं. तिला माझ्याच हातानं मी परत धाडलं होतं, माझी कडी तिच्या दाराला लावून. तिचं पुस्तक संपलं होतं आणि संपलं नाही म्हणून सांगायला तिला दादा नव्हते.