गजाननचा न वाजणारा डबा

गजानन गेल्याची बातमी मला एका फोटोतून कळली. सकाळी दहाच्या सुमारास माझ्या आताच्या कंपनीच्या कँटीनमध्ये पोह्यांसाठी रांगेत उभा होतो, तेव्हा जुन्या सहकाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा हसरा चेहरा आला, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. फोटो माझ्या लग्नातला होता. कुणीतरी कापून घेतलेला, तरी डाव्या कडेला माझ्या शेरवानीचा खांदा राहून गेला होता. त्रेचाळिसाव्या वर्षी, कामावर, खुर्चीत बसल्या बसल्या... हृदय थांबलं. दुपारपर्यंत ग्रुपवर तो देवमाणूस झाला. ज्यांनी त्याच्याकडून घरचे कॉम्प्युटर फुकटात नीट करून घेतले आणि पाठीमागे ‘डबेवाला’ म्हणून हसले, त्यांचेच उमाळे सगळ्यात लांबलचक. शोकसभेत एकजण म्हणाला की, कॉम्प्युटरचा पंखा बिघडायला लागला तर ह्याला शेजारच्या खोलीतून कळायचं, पण स्वतःच्या छातीतलं मात्र कळलं नाही. लोकांनी माना डोलावल्या. मला त्या माणसाच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. खरं तर त्या सभेत कानाखाली खायला सगळ्यात लायक मीच होतो, आणि मला पहिल्या रांगेत बसवलं होतं.

आम्ही दोघं जांब्याला एका खोलीत राहायचो. तो वाशीमचा, मी बार्शीचा; हिंजवडीच्या एकाच कंपनीत नोकरीला. घरमालक दत्तूआप्पांनी शेताच्या कडेला आठ खोल्या काढल्या होत्या, चार इंची भिंतींच्या. आमच्या भिंतीपलीकडे त्यांची सून राहायची. ती नर्स होती, रात्रपाळी करून सकाळी यायची आणि दिवसा झोपायची. गजाननला सुटे भाग आणून कॉम्प्युटर जुळवायचा नाद होता. एका सुट्टीच्या दिवशी आप्पा दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “तुमचं ते मशीन लई घुमतंय. सून रातपाळी करून निजलीया, तिचा तरी इचार करा.” दुसरा कुणी असता तर आवाज कमी करतो म्हणाला असता आणि विसरला असता. गजाननने तो कॉम्प्युटर त्याच दिवशी खोलला, आणि तिथून त्याचं वेड सुरू झालं.

खोली लहान, म्हणून कॉम्प्युटरही लहान हवा, साधारण पोळ्यांच्या डब्याएवढा. आणि तो वाजता कामा नये. ह्या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरिणी आहेत, हे त्यानेच मला शिकवलं. डबा लहान केला की आत उष्णता कोंडते, उष्णता कोंडली की पंखा जोरात फिरतो, पंखा फिरला की आप्पांची सून जागी होते. लोक आधी सगळ्यात ताकदीचा प्रोसेसर घेतात आणि मग तो थंड कसा करायचा म्हणून बोंबलत बसतात. हा उलटं करायचा. काम किती आहे ते विचारायचा, तेवढ्यापुरताच प्रोसेसर घ्यायचा, वर त्याला दिली जाणारी वीजही थोडी आवळायचा. दोन छोट्या पंख्यांऐवजी एक मोठा, सावकाश फिरणारा. काही विकत घेण्याआधी पुठ्ठ्याचा डबा करून त्यात कूलर, म्हणजे प्रोसेसरच्या डोक्यावर बसणारा तो पंखा लावलेला धातूचा ठोकळा, मावतो का, झाकणाखाली बोटभर जागा उरते का, वायरी वाऱ्याच्या वाटेत येतात का, ते बघायचा. मी घाई केली की म्हणायचा, “काहून घाई करतो बे? वाऱ्याला आत यायला वाट लागते अन् बाहेर जायलाही.” तयार झालेलं प्रत्येक मशीन तीन दिवस त्या भिंतीला टेकवून, भरपूर काम देऊन चालू ठेवायचा. संध्याकाळी आप्पांना विचारायचा आणि आप्पा गंभीरपणे निकाल सांगायचे, आज निजली, आज दोनदा उठली. त्या बाईला न विचारता तिच्या झोपेवर परीक्षा चालायची, ह्याचं आम्हाला तेव्हा फक्त हसू यायचं.

पुढे माझं लग्न झालं, मी फ्लॅट घेऊन बाहेर पडलो. त्याचं लग्न झालं, तो रेखावहिनींना घेऊन त्याच खोलीत राहिला. नोकरी सोडून हेच डबे बनवायचे, असं आम्ही दोघांनी ठरवलं होतं. ठरवलं होतं म्हणजे मी दहा वेळा बोललो होतो आणि त्याने ते खरं मानलं होतं. मग एका कानाच्या डॉक्टरची ओळख निघाली. त्यांची चार-पाच केंद्रं होती, तिथे बंद खोलीत लोकांचं ऐकणं तपासायचे, आणि त्या खोलीतला कॉम्प्युटरच घोंघावायचा. त्यांना हवा होता तो नेमका गजाननचा डबा. एक नमुना आणा, पसंत पडला तर सगळीकडे तुमचाच, असं ते म्हणाले. गजाननने राजीनामा लिहून खिशात ठेवला. मला म्हणाला, तूही लिहून ठेव.

मी लिहिला नाही. बायकोला सहावा महिना होता, फ्लॅटचे हप्ते सुरू झाले होते, आणि मुळात माझी ती छातीच नव्हती. पण हे त्याला सांगायचं कसं, म्हणून हो हो करत राहिलो.

नमुना तीन दिवस भिंतीला टेकून पास झाला होता. तरी डॉक्टरांना दाखवायच्या आदल्या दिवशी त्याला पंख्यात बारीकशी टिकटिक ऐकू आली. मला कान लावूनही आली नाही. त्याने दुसरा कूलर मागवला, तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. गजाननची सकाळची पाळी होती, तो कंपनीतून थेट डॉक्टरांकडे पोचणार होता. मग कूलर मी बसवायचा आणि मशीन घेऊन यायचं, असं ठरलं. कूलरच्या तळाला, प्रोसेसरला टेकतो तिथे, पारदर्शक प्लास्टिक चिकटवलेलं असतं. ते सोलून काढायचं, नाहीतर उष्णता अडते, मग तिला वाट देणारी पेस्ट लावायची. मी कूलर हातात घेतला आणि मॅनेजरचा फोन आला. बोलता बोलता पेस्ट लावली, कूलर बसवला, स्क्रू आवळले. पाच मिनिटं चालवून बघितलं, ठीक वाटलं.

डॉक्टरांच्या त्या बंद खोलीत गजाननने मोठ्या रुबाबात मशीनला भरपूर काम लावलं. तीन-चार मिनिटांत पंखा चढत गेला. मग किंचाळायला लागला. मग मशीन बंदच पडलं. पंखा चढत होता तेव्हाच मला आठवलं होतं. ते प्लास्टिक मी सोललं नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं, “डॉक्टर, चूक माझी आहे, दहा मिनिटं द्या.” तोंडापर्यंत आलं... आणि माझ्या मनात स्वच्छ विचार आला की हे फसलं तर मला राजीनामा द्यावा लागणार नाही. मी गप्प बसलो. गजानन कपाळाचा घाम पुसत डॉक्टरांना म्हणाला, “निवड माझी चुकली सर. एवढ्या लहान डब्यात हा कूलर पुरत नाही.” नंतर तो दोनदा त्यांच्याकडे गेला. दोन्ही वेळा बाहेर बाकड्यावर बसवून परत पाठवलं.

आठवड्याने मी जांब्याला गेलो तर तेच मशीन टेबलावर चालू होतं, गपगार. काय केलंस विचारलं, तर पेस्ट बदलली म्हणाला. नऊ वर्षं तो त्याच कंपनीत, त्याच सपोर्टच्या खुर्चीत राहिला आणि त्याच खुर्चीत गेला. माझ्या मुलासाठीही त्याने डबा करून दिला. मी मदतीला बसलो की स्क्रू देऊ द्यायचा, वायरी बांधू द्यायचा. कूलर मात्र स्वतः बसवायचा.

तेराव्यानंतर महिनाभराने मी जांब्याला त्यांच्या घरी गेलो. आता तरी बोलून टाकू, असं ठरवून गेलो होतो. मेल्या माणसाची माफी मागणं सोपं असतं, तो काही बोलत नाही, एवढा हिशोब माझ्यासारख्याला जमतो. रेखावहिनी शिकवणीच्या पोरांच्या प्रश्नपत्रिका टाइप करत होत्या. टेबलावर तो नमुन्याचा डबा, हिरवा दिवा लागलेला. दिवा दिसला नसता तर चालू आहे हे कळलंही नसतं. मी सुरुवात केली, “वहिनी, त्या डॉक्टरांकडे जे झालं...”

“प्लास्टिक ना?” त्या टाइप करता करताच म्हणाल्या.

त्या म्हणाल्या, “त्याच दिवशी घरी आणून खोललं होतं त्यांनी. मी म्हटलं, भाऊजींना विचारा. तर म्हणाले, विचारलं तर तो खोटं बोलेल, अन् मग मला त्याच्याशी बोलता येणार नाही. त्याचा तो सांगेल.” त्यांनी ओळ पूर्ण केली. “दर दिवाळीला तुम्ही यायचे. तुम्ही गेले की मी विचारायची, सांगितलं का? ते म्हणायचे, यंदा नाही.”

मग त्या उठल्या, चहा ठेवू का म्हणाल्या. मी मान डोलावली. नाही म्हणायलासुद्धा तोंड उघडावं लागलं असतं, आणि मग पुढचं बोलावं लागलं असतं.